अमरावती–मुंबई रेल्वे: कापसाच्या गाठींसाठी आखलेली वाट प्रवाशाला कितपत मानवते?

अमरावतीहून संध्याकाळी सुटून सकाळी मुंबईत पोचवणारी अंबा एक्स्प्रेस (१२११२) ही वऱ्हाडातल्या प्रवाशासाठी सर्वांत कामाची गाडी आहे. तिच्याबद्दल ज्या तक्रारी होतात, त्यांतल्या बऱ्याच गाडीपेक्षा मार्गाशी निगडित आहेत. मुंबईच्या आणि मँचेस्टर-लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात हवा होता, त्यासाठी हा मार्ग पडला. स्टेशन गावाबाहेर का, गाडी कुठे अडकते, उतरावं कुठे, हे त्या आखणीवरून चांगलं समजतं.

आधी चढण्याचं बघू. अमरावतीकरांनी तिकीट काढताना ‘अमरावती’ निवडावं, ‘बडनेरा’ नको. गाडी शहरातल्या स्टेशनातून सुटते, रिकामी लागते, सामान चढवायला निवांत वेळ मिळतो. विदर्भ एक्स्प्रेस, गीतांजली, हावडा मेल या लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र फक्त बडनेऱ्याला थांबतात आणि बडनेरा शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. रात्री किंवा पावसात ऑटो मिळायला वेळ लागतो, तो हिशेबात धरूनच निघावं. बडनेऱ्याला गाडी थोडाच वेळ थांबते. आपला डबा फलाटावर कुठे येतो हे आधी पाहून तिथेच उभं राहावं, नाहीतर मोठ्या बॅगा घेऊन पळापळ होते.

एवढं मोठं शहर मुख्य मार्गाबाहेर कसं राहिलं? १८४० च्या दशकात मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी रेल्वेचा आग्रह धरला. १८४५ मध्ये जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी संस्था उभी केली. तिकडे लंडनमध्ये जॉन चॅपमन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) कंपनीसाठी धडपडत होते. १८४६ मध्ये अमेरिकेतलं कापसाचं पीक बुडालं आणि इंग्लंडातल्या लँकशरच्या गिरण्यांना दुसरा पुरवठा शोधणं भाग पडलं. मग तिथल्या व्यापारी मंडळींनी सरकारमागे लकडा लावला. १८४९ मध्ये कंपनीचा करार झाला. भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी मिळाली आणि जमीन फुकट. म्हणजे तोटा झाला तर तो इथल्या महसुलातून भरून निघणार होता. ही हमी नसती तर इंग्लंडातल्या भागधारकांनी पैसा घातला नसता हे खरं, पण तिचा भार ज्यांच्यावर पडला त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारकडे आला, पुढच्या वर्षी नागपूर खालसा झालं. कापूसपट्टा आणि बंदर एका हाताखाली आल्यावर रेषा ठरायला अडचण उरली नाही. भुसावळहून नागपूरकडे जाणारा फाटा शक्य तितका सपाट आणि सरळ नेला. बंदरापर्यंतचा प्रत्येक जादा मैल मालाच्या भाड्यात धरला जातो, म्हणून गावं गाठायला वळसे घेतले नाहीत. अमरावती बाजूला राहिली, खामगाव बाजूला राहिलं. मुंबईच्या बाजूला नाशिकचंही तेच: स्टेशन नाशिक रोडला, शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर.

बाजूला पडलेल्या पेठांनी मग आपला फाटा मागितला आणि मिळवला. जलंब ते खामगाव हा सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, तेव्हा खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची सर्वांत मोठी पेठ होती. बडनेरा–अमरावती फाटा १८७१ चा. दोन्ही सरकारी पैशातून बांधले. यवतमाळला तर मूर्तिजापूरहून अडीच फुटी नॅरोगेज मिळाली, तीही १९०३ मध्ये. तिच्यावरची ‘शकुंतला’ गाडी वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे खरी अडचण होती ती मूर्तिजापुरात: नॅरोगेजच्या वॅगनमधली प्रत्येक गाठ हमालांनी उतरवून ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये भरायची. गेज बदलण्याचा हा खर्च प्रत्येक हंगामात पुन्हा पुन्हा द्यावा लागे, आणि ट्रक आल्यावर माल तिकडे वळायला हे एक मोठं कारण ठरलं.

खामगावच्या प्रवाशाने आज काय करावं? जलंबला जोडगाडी मिळाली तर उत्तम, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच आहेत. त्यापेक्षा शेगावला उतरणं बरं. गजानन महाराजांच्या दर्शनाच्या गर्दीमुळे तिथे बहुतेक मेल-एक्स्प्रेस थांबतात आणि खामगावसाठी एसटी आणि जीपही सहज मिळतात.

व्यापाऱ्याच्या बाजूने या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतात ते कापूस कोरडा पोचवण्यासाठी. रेल्वेआधी लमाणांचे बैलतांडे आणि गाड्या हा माल घाटाखाली उतरवत. वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होऊन माघापर्यंत चाले आणि माल मृगाआधी बंदरात पोचायलाच हवा असे. वाटेत पोती फाटत, धूळ बसे, वळवाचा पाऊस लागला की रुई पिवळी पडे. रेल्वेने ही तारखेची भीती घालवली. त्याचबरोबर धंद्याची जागाही हलली. सुटा कापूस वॅगनची जागा खातो, वजन मात्र भरत नाही, त्यामुळे भाडं महाग पडतं. म्हणून वाफेवरची जिनं (सरकी काढणारी यंत्रं) आणि गाठी दाबणारे प्रेस थेट वऱ्हाडातल्या स्टेशनांजवळ आले. पक्की दाबलेली ३९२ पौंडांची गाठ वॅगनमध्ये घट्ट बसे आणि मुंबईत पुन्हा न दाबता जहाजात चढे. अशा दोन गाठींची एक खंडी, ७८४ पौंड. आजची गाठ १७० किलोची आहे. एक क्विंटल कपाशीतून, म्हणजे सरकीसकट कापसातून, साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कपाशी लागते. अकोला, मूर्तिजापूर, धामणगाव इथे स्टेशनजवळ जुन्या जिनांची पत्र्याची छपरं आणि धुराडी दिसली तर ती याच हिशेबाची खूण आहे.

वेळेचा मात्र घोळ झाला. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, कापसाचे भाव आभाळाला भिडले, मुंबईत शेअरबाजाराचा उन्माद चढला आणि गाडी बडनेऱ्यापर्यंत पोचली ती १८६५ मध्ये. तेजीची ती वर्षं बरीचशी बैलगाड्यांनीच निभावली. ज्या तेजीसाठी व्यापाऱ्यांनी घाई केली होती, ती ओसरल्यावर लोहमार्ग तयार झाला. नागपूरला गाडी १८६७ मध्ये गेली.

उशिराचं मोठं कारण थळ घाट. कसारा ते इगतपुरी हा नऊ मैलांहून थोडा जास्त लांबीचा चढ १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. उंची ९७२ फूट, सर्वांत तीव्र चढ १:३७, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर. या चढावर लांब गाडीला पुढचं इंजिन पुरत नाही. कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं जोडतात, ती गाडी ढकलत इगतपुरीपर्यंत नेतात आणि तिथे सुटतात. जोडणं-सोडणं यात जाणारा वेळ वेळापत्रकात धरलेला असतो, त्यामुळे कसाऱ्याला गाडी उभी राहिली म्हणून ‘रखडली’ असं समजू नये. मुंबईकडे उतरताना वेगळी गोष्ट. इगतपुरीला ब्रेकची तपासणी होते आणि उतारावर वेग बांधलेला असतो. घाटात कॅच सायडिंग आहेत: ब्रेक निकामी झालेली गाडी चढावरच्या बंद रुळावर जाऊन थांबावी म्हणून ही सोय. रूळ आधी त्या सायडिंगकडेच लावलेले असतात आणि गाडी आटोक्यात आहे याची खात्री पटल्यावर मुख्य मार्गाकडे वळवले जातात. कोणाला हे संथ वाटेल, पण १:३७ च्या उतारावर यातली एकही पायरी गाळण्यासारखी नाही. पावसाळ्यात दरड कोसळली तर मात्र सगळी वेळापत्रकं बाजूला पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत सकाळचं विमान किंवा कोर्टाची तारीख असेल तर आदल्या दिवशीच पोचावं.

अंबा एक्स्प्रेस घाट रात्रीच्या अंधारात उतरते, त्यामुळे घाट बघायचाच असेल तर ही गाडी त्या कामाची नाही. मनमाड किंवा नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस घ्यावी. इगतपुरी सोडल्यावर एहेगावचा पूल, दरी आणि एकामागून एक बोगदे चांगल्या उजेडात दिसतात. पावसाळ्यात दारात उभं राहण्याचा मोह होतो, तो टाळावा. बोगद्यातला दगड आणि दार यांत हातभराचंच अंतर असतं.

घाट उतरल्यावरची अडचण अधिक रोजची आहे. कसारा ते कल्याण दोनच रूळ, आणि त्यावरच कसारा-आसनगावच्या लोकल. रात्रीची गाडी वेळेवर असेल तर पहाटे सुटते आणि लोकलची गर्दी होण्याआधी कल्याण ओलांडते. तासभर उशीर झाला की तिला लोकलमागे रांगेत चालावं लागतं आणि तो तास पुढे दीड तास होतो. त्यामुळे इगतपुरीला गाडी किती वाजता आली हे पाहिलं की मुंबईत किती उशीर होणार याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. कल्याणच्या पुढे परिस्थिती चांगली आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ पासून सुरू झाल्याने तिथला खोळंबा कमी झाला.

शेवटच्या टप्प्याची तक्रार व्यापाऱ्यांचीही होती. रेल्वे बंदरात आली असं म्हणत, पण कापसाचा बाजार कुलाब्याला भरे आणि जीआयपीचा माल उतरे वाडीबंदरला. मध्ये सगळ्या गाठी बैलगाड्यांत भरून फोर्टातून न्याव्या लागत. गर्दी, चोरी, आगीची भीती, पावसात ताडपत्र्यांची ओढाताण, सगळं तिथे होतं. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये झाला, पण पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा गोदीपर्यंत रूळ नीट जुळले. पुढे कापसाचा बाजारही शिवडीकडे हलवला. हार्बर मार्गावरचं कॉटन ग्रीन स्टेशन हे त्याचंच नाव. एवढी मोठी योजना, आणि जहाजापर्यंतचा शेवटचा तुकडा पूर्ण व्हायला सहा दशकं लागली, हा या सेवेतला सर्वांत मोठा दोष मानावा लागेल.

आजच्या प्रवाशाने हा शेवटचा तुकडा असा सोडवावा: पश्चिम उपनगरांत जायचं असेल तर दादरला उतरावं, सीएसएमटीपर्यंत जाऊन परत येण्यात अर्धा-पाऊण तास वाया जातो. नवी मुंबईसाठी ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर लोकल धरावी. फोर्ट, मंत्रालय, जीटी किंवा सेंट जॉर्ज रुग्णालय इथे काम असेल तरच सीएसएमटी. दादरला पुलावरची गर्दी सकाळी आठनंतर फार वाढते, तेव्हा जड सामान असलेल्यांनी फलाटावरच हमाल ठरवावा आणि पैसे सामान उचलायच्या आधी बोलून घ्यावेत.