एलईडी होम थिएटर प्रोजेक्टर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

पंचवीस हजार रुपयांच्या आतला एलईडी प्रोजेक्टर टीव्हीच्या जागी घ्यावा की टीव्हीच्या जोडीला, या प्रश्नाचे माझे उत्तर आता पक्के आहे: जोडीला, आणि तेही रात्री चित्रपट पाहण्याची सवय असलेल्या घरातच. हे उत्तर खोक्यावर छापलेल्या आकड्यांवरून मिळत नाही. ते आपल्या हॉलची रुंदी, खिडकीची दिशा आणि पंख्याची जागा यांवरून मिळते. आमचा फ्लॅट ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे. हॉल साधारण दहा फूट बाय सोळा फूट, आणि त्याची मोठी खिडकी येऊरच्या डोंगराकडे, म्हणजे पश्चिमेला उघडते. घेतलेले यंत्र एकाच एलसीडी पॅनेलचे, १९२० × १०८० पिक्सेलचे असून खोक्यावर ‘७०० एएनएसआय लुमेन’ असे छापलेले आहे (लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप). कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतील यंत्रांची रचना बरीचशी सारखी असते आणि पुढील बहुतेक निरीक्षणे त्या सगळ्यांना लागू पडतील.

सुरुवात लुमेनपासूनच करावी लागेल, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. जाहिरातीत ‘९००० लुमेन’ किंवा ‘१२००० लुमेन’ असे काही लिहिलेले असेल आणि त्याच्या मागेपुढे एएनएसआय किंवा आयएसओ (मोजणीची प्रमाणित पद्धत ठरवणाऱ्या संस्था) हे शब्द नसतील, तर तो आकडा वाचलाच नाही असे समजावे. एएनएसआय पद्धतीत पांढरे चित्र टाकून त्याचे तीन बाय तीन असे नऊ चौकोन करतात, प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी पडणारा प्रकाश लक्समध्ये (दर चौरस मीटरला किती लुमेन पडतात ते) मोजतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिला चित्राच्या चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने गुणतात. ही मोजणी घरीही करता येते. लक्समीटर उसना मिळाला तर उत्तम. नाहीतर फोनच्या प्रकाश संवेदकावर चालणारे ॲपही अंदाजापुरते पुरते, मात्र फोनचा पुढचा भाग प्रोजेक्टरकडे वळवून तो भिंतीला टेकवून धरावा लागतो.

मी ही मोजणी रात्री सगळे दिवे बंद करून, ८० इंची चित्रावर केली. कर्ण ८० इंचांचा असलेले १६:९ चित्र १७७ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १०० सेंटिमीटर उंच असते, म्हणजे क्षेत्रफळ १.७६ चौरस मीटर. मध्यभागी ३१० लक्स, कोपऱ्यांत जेमतेम १५० आणि नऊ बिंदूंची सरासरी २२० लक्स आली. गुणाकार ३९० लुमेनच्या जवळपास जातो. फोनच्या संवेदकाची चूक जमेस धरली तरी खोक्यावरचे ७०० काही हाती लागत नाहीत. शिवाय ही मोजणी सर्वांत तेजस्वी ‘व्हिव्हिड’ मोडमधील आहे, ज्यात माणसांचे चेहरे निळसर दिसतात. रंग बघवतील अशा ‘सिनेमा’ मोडवर आल्यावर प्रकाश आणखी उतरतो.

एवढा प्रकाश जातो कुठे, हेही समजून घेण्यासारखे आहे. या यंत्रांत एक पांढरा एलईडी असतो आणि त्याच्या पुढे एलसीडी पॅनेल असते. एलसीडीला एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश लागतो, म्हणून ध्रुवक पट्टी निम्म्याहून अधिक प्रकाश तिथेच अडवते. त्यानंतर पॅनेलवरील लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून प्रत्येकी आपापल्या रंगाचाच भाग पुढे जातो. अडलेल्या प्रकाशाची उष्णता होते, ती बाहेर फेकायला मोठा पंखा लागतो आणि त्या पंख्याचा आवाज आपण ऐकत बसतो. डीएलपी जातीच्या यंत्रांत सूक्ष्म आरशांची चिप असते आणि तीन रंगांचे एलईडी आळीपाळीने उजळतात, त्यामुळे हा अपव्यय टळतो. मात्र ती यंत्रे महाग असतात, आणि काही जणांना त्यांत पांढऱ्या अक्षरांच्या कडेला क्षणभर इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात. तुम्हाला ते दिसतात का, हे स्वतः पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. लुमेन ठरलेले असतात आणि चित्र मोठे केले की तेवढाच प्रकाश अधिक जागेत वाटला जातो. वाटीभर तूप एका पोळीला लावा नाहीतर चार पोळ्यांना. माझ्या यंत्राचे २२० लक्स १०० इंचांवर १४० होतात आणि १२० इंचांवर शंभरही उरत नाहीत. दुकानात ‘दोनशे इंचांपर्यंत चित्र’ असे सांगतात ते खोटे नसते, फक्त तेवढ्या चित्रात पाहण्याजोगे काही उरत नाही.

दिवसाचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. दुपारी चारच्या सुमारास, साधे पडदे ओढलेले असताना आमच्या भिंतीवर बाहेरूनच ८० लक्स प्रकाश येतो. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. चित्रातील काळा भाग म्हणजे त्या वेळी भिंत जितकी उजळ असेल तितका. तेव्हा प्रोजेक्टरचे २२० मिळवून पांढरा भाग ३०० लक्स आणि काळा भाग ८० लक्स, म्हणजे दोहोंमध्ये चौपटीचाही फरक नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे क्रिकेटचे सामने आम्ही यावर लावून पाहिले तेव्हा हिरवळ राखाडी झाली होती आणि खेळाडूंच्या सावल्या गायब होत्या. बाबा थोडा वेळ डोळे बारीक करून बसले आणि म्हणाले, “अरे, चेंडू दिसतोय कुठे यात? तो टीव्ही लाव आधी.” त्यांचे बरोबर होते. टीव्हीचा पडदा मुळात काळा असतो आणि खोलीतला बराच प्रकाश गिळतो. पांढरी भिंत तो प्रकाश बराचसा परत करते. ब्लॅकआउट कापडाचे पडदे लावल्यावर तोच भिंतीवरचा प्रकाश सहा-सात लक्सवर आला आणि दुपारचा चित्रपट पाहण्याजोगा झाला. मात्र भर मे महिन्यात खिडकी बंद करून दुपारी बसायचे म्हणजे एसी आला. पडद्यांचा आणि एसीचा खर्च प्रोजेक्टरच्या किमतीत धरावा, असे मी प्रामाणिकपणे सुचवेन.

रात्री साडेआठनंतर मात्र हेच यंत्र वेगळे वाटते. दिवे मालवून ८० इंचांवर, सोफ्यावर, चित्रापासून आठ-नऊ फुटांवर बसले की चित्राचा पसारा या किमतीच्या टीव्हीत मिळणार नाही असा असतो आणि डोळ्यांवर ताणही कमी येतो. अंधारातील प्रसंगांत काळा रंग करडा दिसतो. ही उणीव कोणत्याही सेटिंगने जात नाही, त्यामुळे रात्रीच्या जंगलातले किंवा तळघरातले भयपट यावर पाहू नयेत. नाटकांची चित्रीकरणे, जुने रंगीत चित्रपट, निसर्गपट आणि मुलांचे अ‍ॅनिमेशन उत्तम दिसते. गडकरी रंगायतनला जायचे राहून गेलेल्या आईला नाटके या आकारात पाहायला फार आवडतात, कारण पात्रे टीव्हीपेक्षा कितीतरी मोठी दिसतात.

अंतराचे गणित खरेदीपूर्वीच करावे. प्रत्येक यंत्राच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. चित्राच्या रुंदीला त्याने गुणले की भिंतीपासून लेन्सचे अंतर मिळते. माझ्या यंत्राचा १.२५ आहे, म्हणून ८० इंचांसाठी लेन्स २.२१ मीटरवर, म्हणजे सव्वासात फुटांवर हवी. बहुतेक स्वस्त यंत्रांना खरा झूम नसतो. रिमोटवरचा झूम फक्त चित्र आक्रसतो आणि पिक्सेल वाया घालवतो, त्यामुळे चित्र मोठे-लहान करायचे तर यंत्रच मागे-पुढे सरकवावे लागते. आम्ही हॉलच्या रुंदीत, दहा फुटांच्या दिशेने चित्र टाकतो. लांबीच्या दिशेने टाकावे तर मागच्या भिंतीवरून चित्र दीडशे इंचांच्या पुढे जाते आणि मधला पंखा आडवा येतो. हा पंख्याचा मुद्दा दुकानदार कधीच काढत नाहीत. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पंखा छतापासून फूट-सव्वा फूट खाली आणि बरोबर हॉलच्या मध्यावर असतो. छताला प्रोजेक्टर टांगला की चित्राच्या वरच्या भागावरून पात्यांची सावली अखंड फिरत राहते. शेजारच्या इमारतीतील एका ओळखीच्या कुटुंबाने छतात भोके पाडून, नळीतून वायर नेऊन सगळी बैठक पक्की केल्यावर हे त्यांच्या लक्षात आले. त्यापेक्षा उंच स्टूल किंवा भिंतीवरची फळी बरी.

यंत्र तिरके ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र चौकोनी करण्याचा मोह टाळावा. ते काम पॅनेलवरील पिक्सेल वगळून होते, त्यामुळे अक्षरांच्या कडा दातेरी होतात, प्रकाश वाया जातो आणि वगळलेला भाग चित्राच्या बाहेर करड्या कोनासारखा दिसत राहतो. दहा मिनिटे खर्चून यंत्र भिंतीशी काटकोनात बसवणे हेच योग्य.

रिझोल्यूशनबाबत एकच शब्द तपासावा, तो म्हणजे ‘नेटिव्ह’, अर्थात पॅनेलचे स्वतःचे पिक्सेल. ‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे यंत्र फोर-के सिग्नल स्वीकारते आणि आपल्या पॅनेलच्या मापात बसवते, एवढेच. फोकस तपासताना चित्रपट लावू नये. एखादे वृत्तपत्राचे पान किंवा बारीक आकड्यांचा तक्ता लावावा आणि मध्यभाग स्पष्ट असताना चारही कोपऱ्यांतील अक्षरे वाचता येतात का ते पाहावे. माझ्या यंत्रात खालचा उजवा कोपरा थोडा मऊ आहे. चित्रपटात तो जाणवत नाही, लॅपटॉप जोडला की लगेच जाणवतो.

यंत्रात आधीपासून घातलेल्या अँड्रॉइडवर विसंबू नये. नेटफ्लिक्ससारख्या सेवा मान्यताप्राप्त उपकरणांवरच पूर्ण स्पष्टतेचे चित्र देतात, आणि मान्यता नसलेल्या प्रोजेक्टरमध्ये ॲप उघडले तरी चित्र डीव्हीडीच्या दर्जाचे राहते. एचडीएमआयला वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावली की प्रश्न सुटतो. फक्त तिला प्रोजेक्टरच्या यूएसबीमधून वीज देऊ नये, ती अनेकदा अपुरी पडते आणि स्टिक मध्येच पुन्हा सुरू होते. आणखी एक बारकावा क्रिकेटप्रेमींसाठी. आपल्याकडचे प्रक्षेपण सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे या हिशेबाने असते आणि स्टिक बहुधा ६० वर चालत असते. चेंडूमागे कॅमेरा सीमारेषेकडे वळतो तेव्हा चित्र हिसके खाते ते यामुळे. स्टिकमध्ये ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ची सोय असल्यास ती चालू करावी, नाहीतर ५० हर्ट्झ निवडावे. मोठ्या चित्रावर हे हिसके टीव्हीपेक्षा कितीतरी जास्त खुपतात.

आवाजाविषयी लिहिण्यासारखे फार नाही. अंगचे स्पीकर बातम्यांपुरते आहेत. ब्लूटूथवर ओठ आणि शब्द यांचा मेळ बिघडतो, म्हणून साउंडबार वायरने जोडावा. यंत्राच्या पंख्याची घरघर शांत प्रसंगांत ऐकू येते; छताचा पंखा तीनवर असला तर येत नाही, आणि ठाण्यात तो वर्षातून दहा महिने असतोच. विजेचे म्हणाल तर १२० वॉटचे यंत्र रोज तीन तास चालले तरी महिन्याला अकरा युनिटच्या आतबाहेर.

पावसाळ्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती. जून ते सप्टेंबर कपाटातील चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, तिथे लेन्सचे काय होईल, असा प्रश्न होता. प्रत्यक्षात नियमित वापरातील यंत्राला स्वतःच्या उष्णतेमुळे काही झाले नाही. गणपतीच्या दिवसांत गावी गेलो तेव्हा मात्र सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवून गेलो. धुळीचा त्रास त्याहून मोठा आहे. आमच्या भागात रस्त्याची आणि इमारतींची कामे अखंड चालू असतात, हवा आत खेचणाऱ्या जाळीवर महिन्याभरात करड्या लोकरीसारखा थर साचतो आणि तो काढला नाही की यंत्र तापून पंखा ओरडू लागतो. जाळी काढून साफ करता येते का, आणि आतील ऑप्टिकल भाग सीलबंद आहे का, हे दोन प्रश्न लुमेनइतकेच महत्त्वाचे आहेत. उघड्या रचनेत धूळ पॅनेलवर बसते आणि पडद्यावर लिंबाएवढे धूसर डाग म्हणून दिसते.

‘एलईडीचे आयुष्य ३०,००० तास’ या दाव्याकडे त्याच दृष्टीने पाहावे. रोज तीन तास धरले तर ती सत्तावीस वर्षे होतात. पाऱ्याच्या जुन्या दिव्यांचे तीन ते पाच हजार तास लक्षात घेतले तर फरक खरोखरच मोठा आहे. पण हा आकडा एलईडीची उजळी निम्म्यावर येईपर्यंतचा असतो, संपूर्ण यंत्राचा नसतो. उष्णतेने ध्रुवक पट्टी पिवळी पडणे, पॅनेलवर डाग येणे किंवा पंखा अडकणे ही दुखणी त्याच्या कितीतरी आधी येतात. म्हणूनच वॉरंटीच्या कागदावर ‘पॅनेल’ हा शब्द आहे का ते पाहावे, आणि दुरुस्ती ठाण्यात-मुंबईत होते की यंत्र कुरिअरने परराज्यात पाठवावे लागते ते विचारावे. माझे रिमोट पहिल्याच महिन्यात बंद पडले. बदलून मिळायला पाच आठवडे आणि बरेच फोन लागले.

खरेदी करताना परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणीच घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या छापील किमतीवर दिलेली ‘भरघोस सूट’ एकदा तपासून पाहावी. यंत्र घरी आले की मुदतीतच नऊ बिंदूंची मोजणी, वृत्तपत्राच्या पानाचा फोकस आणि तुम्ही रोज ज्या वेळी पाहणार आहात त्या वेळचा तासभर चित्रपट, एवढे उरकून घ्यावे. खोके आणि थर्माकोल तोवर माळ्यावर टाकू नये, कारण मूळ वेष्टनाशिवाय बरेच विक्रेते यंत्र परत घेत नाहीत.