‘42 एमएम’ रेडिएटरचे 61,600 रुपये

गाडी तापते म्हणून गॅरेजने ‘42 एमएम जाड’ म्हणून एक रेडिएटर बसवला. आधी त्याचा हिशेब मांडतो. रेडिएटर 38,500. पंख्यांची जोडी 14,200. मजुरी 6,500. ‘इम्पोर्टेड’ कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) 2,400. एकूण 61,600 रुपये. त्यातले 30,000 यूपीआयने आगाऊ आणि बाकीचे 31,600 रोख, कारण “कार्डावर घेतलं तर टॅक्स लावावा लागेल, पात्रांव.” बदल्यात आला बाजारात कुठेही मिळणारा साधा रेडिएटर, दोन फालतू पंखे आणि हिरवं पाणी. शिवाय गाडीतून उतरवलेले कंपनीचे चांगले चालणारे पंखे कंट्रोल मॉड्यूलसकट गॅरेजकडेच राहिले. ते या हिशेबात धरलेलेच नाहीत.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230, 2017 ची. दोन लिटर टर्बो पेट्रोल, 230 पीएस, कुठलंही ट्यूनिंग न केलेली. साखळीहून चोर्ला घाट चढताना टेम्परेचरची वॉर्निंग येऊ लागली आणि गॅरेजमधून ठरलेलं वाक्य आलं: “स्टॉक रेडिएटर आपल्या गोव्याच्या हवेला पुरत नाही.” टर्बो गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ते ऐकलं की तिथून गाडी बाहेर काढा. वर्षानुवर्षं ठीक चाललेली स्टॉक (म्हणजे कंपनीतून आली तशीच) गाडी एका उन्हाळ्यात तापायला लागली, तर रेडिएटर अचानक लहान झालेला नसतो. काहीतरी बिघडलेलं असतं.

या इंजिनात पहिला संशय वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या एकत्र हाउसिंगवर घ्यायचा. ते प्लॅस्टिकचं असतं, इन्टेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) दडलेलं असतं आणि कालांतराने झिरपायला लागतं. टॉर्च मारून बघा. जांभळट-गुलाबी सुकलेले खपले दिसले की निदान झालं. नाही दिसले तर थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावा, दाब उतरतो का बघा. मग हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) फुटलेलं नाही ना हे बघायला कूलंटच्या टाकीच्या तोंडाशी एक्झॉस्ट गॅसची केमिकल टेस्ट करा. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम. इथे यातलं काहीच झालं नाही. बंपर उतरवला आणि थेट कोटेशन हातात दिलं. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने हेच हाउसिंग बदललं तेव्हा कुठे गाडी थंड झाली. त्याचे 27,800 वेगळे मोजले, आणि एवढ्यावरच सगळं भागलं असतं!

‘मोठा रेडिएटर टाकला की गाडी दहा डिग्री थंड चालेल’ ही दुसरी थाप. गाडी किती तापमानाला चालणार ते थर्मोस्टॅट ठरवतो. या इंजिनात तो इलेक्ट्रॉनिक रोटरी व्हॉल्व्ह आहे आणि लोडप्रमाणे कूलंट साधारण 85 ते 107 डिग्रीच्या दरम्यान ठेवतो. रेडिएटर कितीही मोठा असला तरी सपाट रस्त्यावर आकडा तोच राहणार. मोठ्या रेडिएटरचा फायदा दिसतो तो थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावरही तापमान चढत राहिलं तर. म्हणजे ट्यून केलेली गाडी, लांब चढ किंवा ट्रॅक. आणि डॅशबोर्डवरचा काटा बघून समाधान मानू नका. तो मोठ्या पट्ट्यात 90 वरच चिकटून राहतो, तसाच बनवला आहे. खरा आकडा ओबीडीच्या (गाडीच्या तपासणी सॉकेटच्या) डोंगलवर दिसतो. “बघा, काटा हलत नाही” असं दाखवून पैसे घेणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

आता ज्या क्षणी सगळं उघडं पडायला हवं होतं तो क्षण. रेडिएटर पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघाला. पूर्ण अॅल्युमिनियम, झळझळीत, वर जपानी वाटणाऱ्या नावाचं स्टिकर. त्या नावात एक अक्षर कमी होतं आणि स्टिकरखाली हवेचा फुगा राहिला होता. गॅरेजवाल्याने स्टीलची पट्टी लावून दाखवली: 42 मिलिमीटर. पट्टी बरोबर होती. फक्त ती लावली होती रेडिएटरच्या बाजूच्या टाकीवर, कोअरवर (मधल्या जाळीवर) नव्हे! टाकी कोअरपेक्षा रुंद असतेच. जाडी मोजायची ती नळ्या आणि फिन्सची (त्यांच्यामधल्या पातळ पत्र्यांची), कॅलिपरने, वर-मध्ये-खाली अशा तीन जागी. नंतर तसं मोजलं तर 26 भरले.

याहून ढळढळीत खूण पुढे होती. या गाडीत पुढे एसीचा कंडेन्सर, मधे इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), मागे रेडिएटर आणि त्यामागे पंखे असा सँडविच बांधलेला असतो. तिथे बोटभर जागाही मोकळी नसते. 42 चा कोअर घालायचा तर कुठेतरी ब्रॅकेट कापावं लागतं, स्पेसर लागतात, निदान बोल्ट तरी लांब घ्यावे लागतात. इथे जुने बोल्ट, जुनी रबरं, जुने क्लिप, सगळं टकाटक जागेवर बसलं. मग वाढीव जाडी गेली कुठे? कोणी म्हणेल, एवढी अक्कल आहे तर तेव्हाच का नाही पकडलं? बंपर उतरलेला, फ्रंट पॅनल पुढे ओढलेलं, जुना रेडिएटर बाहेर, एसीचे पाइप तारेने टांगलेले. अशा गाडीचा मालक भांडून जाणार कुठे आणि कशाने? त्यांना हेच हवं असतं. आगाऊ पैसे आणि उघडी गाडी, दोन्ही त्यांच्या ताब्यात.

पंख्यांची गोष्ट रेडिएटरपेक्षाही वाईट. खोक्यावर छापलेलं: बारा इंच, 2,500 सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो तो आकडा). मोटरीवर कुठेही वॉट किंवा अँपिअर लिहिलेलं नाही. क्लॅम्प मीटर लावल्यावर एक पंखा साडेसहा अँपिअर खाताना दिसला, म्हणजे जेमतेम ऐंशी वॉट. नामांकित कंपनीचा दमदार बारा इंची पंखा पंधरा ते वीस अँपिअर ओढतो आणि तरी दीड हजार सीएफएमच्या आसपासच राहतो. तोही मोकळ्या हवेत. समोर कंडेन्सर, इंटरकूलर, रेडिएटर असे तीन थर आले की आकडा आणखी पडतो. म्हणून सीएफएम विचारू नका, अँपिअर विचारा. जाड कोअरच्या मागे लेचापेचा पंखा लावला तर पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी आधीपेक्षा जास्त तापते, कारण उभ्या गाडीत सगळी हवा पंख्यानेच ओढायची असते. वेग चाळीस-पन्नासच्या वर गेला की समोरचा वारा पुरतो. म्हणूनच ट्रायल घेताना हे लोक गाडी हायवेवर नेतात. तुम्ही एसी चालू ठेवून वीस मिनिटं जागेवर उभी करायला सांगा. पंखा कमजोर असेल तर आधी एसीची हवा कोमट होते, काटा नंतर हलतो.

श्राउड, म्हणजे हवा पूर्ण कोअरमधून ओढली जावी म्हणून पंख्यांभोवती लागणारं झाकण, बसवलंच नाही. पंखे थेट कोअरवर, फिन्समधून आरपार घातलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेले. गाडीच्या हादऱ्याने या पट्ट्या नळी घासतात आणि एक दिवस भोक पाडतात. शिवाय गणित बघा. 650 बाय 400 मिलिमीटरच्या कोअरवर बारा इंची दोन वर्तुळं जेमतेम 56 टक्के भाग झाकतात. श्राउड नसेल तर उरलेल्या 44 टक्क्यांतून गाडी उभी असताना हवा जवळपास फिरतच नाही.

आणि यातला एक पंखा उलटा फिरत होता. वायरींची अदलाबदल. बोनेट उघडून पाहिलं तर दोन्ही फिरतायत, आवाजही येतोय, ओळखायचं कसं? पुढून ग्रिलजवळ कागद धरा. चिकटला तर ठीक. त्यांच्याच बिलाचा कागद धरला, एका बाजूला चिकटला, दुसऱ्या बाजूला फडफडत बाहेर आला. एक पंखा हवा आत ओढतोय, दुसरा तीच गरम हवा पुन्हा पुढे ढकलतोय.

वायरिंगवर तर वेगळी तक्रार करायला हवी. कंपनीचे पंखे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या हुकमाने हळू-जलद फिरतात आणि टर्बो गरम असेल तर इंजिन बंद केल्यावरही चालू राहतात. ते काढून इथे फिन्समध्ये खुपसलेला थर्मल स्विच आणि एक रिले लावला, सप्लाय इग्निशनवरून. चावी काढली की पंखे ठप्प, टर्बो आपला शिजत बसला. कॉम्प्युटरला पंखा सापडेना म्हणून पी0480 कोड आला. तो स्कॅनरने पुसून गाडी हातात दिली, दुसऱ्या दिवशी कोड परत हजर. वायर दीड चौरस मिलिमीटरची आणि फ्यूज 30 अँपिअरचा. शॉर्ट झाला तर फ्यूज उडायच्या आधी वायर वितळेल, उलटं संरक्षण! वीस अँपिअरच्या पंख्याला निदान चार चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि अर्थिंग सरळ बॉडीला. अर्थिंग रेडिएटरच्या ब्रॅकेटला दिलं तर करंट कूलंटमधून वाट काढतो आणि अॅल्युमिनियम आतून खातो. मल्टिमीटरची काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल कूलंटमध्ये बुडवा, धातूला लावू नका. पंखे चालू असताना आकडा 0.1 व्होल्टच्या आत हवा. आपल्याकडे खारा वारा बाहेरून खातोच, आतून कशाला खायला लावायचं?

कूलंटबद्दल थोडक्यात. रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंट किती कडक आहे ते दाखवणाऱ्या उपकरणावर) टाकला तर जवळपास नुसतं पाणी. “गोव्यात कुठे बर्फ पडतो?” हे उत्तर ऐकून घेऊ नका. कूलंटमधलं रसायन गंज रोखतं आणि उकळबिंदू वाढवतं. सीलबंद डबा डोळ्यांसमोर फोडायला लावा, हिरवं-जांभळं एकत्र करू देऊ नका, आणि या गाडीत भरताना व्हॅक्यूम टूल लागतो, नाहीतर आत हवा अडकते.

बिल म्हणजे वर ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद. खाली जीएसटी नंबर होता, सुरुवात 29 ने. गोव्याचे नंबर 30 ने सुरू होतात, 29 म्हणजे कर्नाटक. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की व्यापाऱ्याचं नाव येतं. आलं ते एका तिसऱ्याच धंद्याचं. पैसे गेले ते चौथ्याच माणसाच्या वैयक्तिक खात्यात. पैसे द्यायच्या आधी हे तपासायला दोन मिनिटं लागतात.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर: “हा सिव्हिल मॅटर.” दुसरं: “गाडी चालू आहे ना? मग फसवणूक कसली?” तिसरं, बिलावरचा नंबर बघून: “मग कर्नाटकात जा.” गाडी गोव्यात उघडली, पैसे गोव्यात घेतले, माणूस गोव्यात बसलाय, आणि तक्रार कर्नाटकात! खोटी वस्तू खरी म्हणून विकून पैसे घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये सरळ बसतं, पण तिथल्या साहेबांना तोंडपाठ फक्त जुना 420, आणि तोही लावायचा नव्हता. करवाल्या कचेरीत सांगितलं की टॅक्स इनव्हॉइसच नाही तर तक्रार कशाची? टॅक्स इनव्हॉइस दिला नाही हीच तर तक्रार आहे हो! अधिकृत सर्व्हिस सेंटर लेखी अहवाल देईना, “बाहेरचा पार्ट आहे, आम्ही काही लिहीत नाही.” आणि ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर त्याच अहवालावाचून कागद घेईनात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 प्रमाणे वस्तू प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार ग्राहक आयोगालाच आहे, हे खिडकीतल्या माणसाला आपण समजवायचं. एकाने तर वर ऐकवलं, “एवढी महागडी गाडी ठेवता, साठ हजारांचं काय घेऊन बसलात?” गाडी महाग असली म्हणून चोरी माफ होते का?

म्हणून खिडकीच्या नादी लागू नका. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर थेट दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. पोलिसांनी एफआयआर घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोस्टाची पावती जपा, तिथेही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. बसवलेला रेडिएटर रागाने भंगारात देऊ नका, पुरावा तोच आहे. बॉक्स, स्टिकर, कॅलिपरसकट फोटो, कोडचे स्क्रीनशॉट, सगळं ठेवा.

आणि काढलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी डिकीत टाकून घरी आणा. “स्क्रॅप आहे, आम्ही विल्हेवाट लावतो” म्हणणारा विल्हेवाट लावत नाही, विकतो. व्हीआरएसचे पंखे मॉड्यूलसकट वापरलेलेसुद्धा सहज मिळत नाहीत, आणि ते परत मागितल्यावर उत्तर आलं, “ते तर भंगारवाला घेऊन गेला.” कुठला भंगारवाला, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.