कॉलनीतली बाग की नेहरू वनोद्यान?

संध्याकाळचा तासभरच हाताशी असेल, तर माझं मत कॉलनीतल्या बागेलाच. नातवंडं झोपाळ्यावर, आजी-आजोबा बाकावर, आणि शेजारपाजारची ख्यालीखुशाली आपोआप कळते. चपला घातल्या की पोहोचलो, म्हणूनच तिथे रोज जाणं होतं. एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तर ही फार मोठी सोय आहे. झाडं मात्र मोजकीच.

नेहरू वनोद्यान नाशिकमध्ये मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी. बहुतेकांना गाडी काढावीच लागते. पण मुलांना खरी झाडी दाखवायची तर तिथेच न्यावं. जवळच फाळके स्मारक, वर डोंगरात २४ पांडवलेणी. सकाळी लवकर निघालात तर ऊन चढायच्या आत पायऱ्या चढून होतात. गुडघे दुखत असतील त्यांनी खाली सावलीत बसावं.