खाजगी नफ्यासाठीची ऑनलाइन सोडत: एका सेवेचा अनुभव

मोटारगाडीचे बक्षीस असलेल्या एका ऑनलाइन सोडतीची तीन तिकिटे मी घेतली. पैसे भरणे सोपे आहे आणि तिकीट क्रमांक लगेच ईमेलने येतात. मात्र एकूण किती तिकिटे विकली गेली हे सोडत निघेपर्यंत कुठेच दिसत नाही, आणि आपली संधी किती हे समजण्यासाठी ग्राहकाला नेमका तोच आकडा हवा असतो. त्याहून खटकले ते नियमावलीतले शेवटचे कलम: पुरेशी विक्री न झाल्यास गाडीऐवजी जमलेल्या रकमेचा काही भाग देण्याची मुभा आयोजकाने स्वतःकडे ठेवली आहे.

ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्यानुसार खाजगी नफ्यासाठी लॉटरी चालवता येत नाही, म्हणून आपली सोडत कायद्याने लॉटरी ठरू नये यासाठी तिथले आयोजक कौशल्याचा प्रश्न विचारतात किंवा मोफत प्रवेशाची सोय ठेवतात. धर्मादाय संस्थांच्या सोडतींना मात्र उत्पन्नाचा किमान २० टक्के वाटा सत्कार्यासाठी द्यावा लागतो. कौशल्याच्या प्रश्नासारख्या पळवाटांपेक्षा नफ्याची सोडत उघडपणे कायदेशीर करून परवाना, विक्रीचा जाहीर आकडा आणि बक्षिसाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती करणे मला अधिक प्रामाणिक वाटते. सध्याच्या स्वरूपात ही सेवा घ्यावी, असे मी कोणालाही सुचवणार नाही.