निसान वन-टन, जुना फौजी ट्रक: वापरानंतरचा अनुभव आणि एका कोटिंगचा राग

लिहायला बसलोय ते गॅरेजवाल्यावरच्या रागापोटी, तेव्हा आधी तेच सांगतो. गाडी निसान वन-टन, जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतली, मागे बंद बॉडी, खासगी नोंदणी, एमएच १४. पावसाळ्याच्या तोंडावर गंज धरू नये म्हणून खालून काळं रबरी कोटिंग मारायला भोसरीच्या बाजूला एका गॅरेजात लावली. बजावून सांगितलं होतं, फक्त पाटे आणि बॉडीचा तळ. त्यांनी खालून सरसकट फवारा मारला. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याचा, पांढरा गोळा काळाकुट्ट, त्याच्या वरचा छोटा कॉन्व्हॉय लॅम्प वायरसकट काढून टाकलेला, चासीवर ठोकलेला नंबर कोटिंगखाली गडप. बिल मात्र पूर्ण. वर मलाच विचारतात, "साहेब, तो दिवा लागतोच कशाला?"

रात्री फौजेचा ताफा शत्रूला दिसू नये म्हणून हेडलाइट, टेललाइट सगळं बंद ठेवून निघतो. तेव्हा ट्रकच्या पोटाखाली हा एकच बारका दिवा जळतो आणि त्याचा उजेड पांढऱ्या रंगवलेल्या गोळ्यावर पडतो. मागच्या ड्रायव्हरने तेवढा पांढरा ठिपका नजरेत धरून अंतर राखायचं. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. इतकी साधी आणि इतकी विचार करून केलेली सोय मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलेली नाही. माझ्यासाठी अख्ख्या ट्रकचा जीव त्या दिव्यात होता, आणि एका पोऱ्याने तो पक्कड लावून तोडला.

गाडी घ्यायच्या वेळी पहिल्यांदा वाकून बघितलं तेही हेच. गोळ्यावरचं वंगण नखाने खरवडलं, तर खाली पांढऱ्या रंगाचे थरावर थर निघाले. दरवेळी वर्कशॉपमधून बाहेर पडताना नवा हात मारलेला. नंतर कोणी हौसेने फौजी लूक देतो तेव्हा बॉनेटवर बाण काढतो, जेरीकॅन लटकवतो, पण गोळ्याखाली जाऊन चार थर पांढरे कोणी देत नाही. खडकीतले एक निवृत्त ईएमईवाले (फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेतले) काका सोबत होते, त्यांनी पुढची खूण दाखवली: प्रत्येक चाकाच्या वर मडगार्डवर टीपी, म्हणजे टायर प्रेशर, आणि पुढे आकडा. रंग चढवला तरी तिरप्या उजेडात अक्षरांची कड उठून दिसते. पुढच्या बाजूला पिवळा गोल आणि त्यात काळा आकडा असतो, तो पुलाच्या भारवर्गाचा, म्हणजे गाडी किती भाराच्या पुलावरून नेता येईल त्याचा. सीटखाली, दरवाजाच्या आतल्या घडीत मूळ हिरवा सापडतोच. बाहेरून तो हिरवा ठेवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना देतो. कोणी हिरव्या रंगातच गाडी दाखवत असेल तर रंगकामाचा खर्च किमतीतून वजा करायला लावा.

पण या खुणा मन भरण्यापुरत्या. पैसे द्यायचे ते नंबर जुळल्यावर. वर्दीतल्या गाडीच्या पाटीवर आधी वर तोंड केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक. हा बीए नंबर, म्हणजे गाडीचा फौजेतला नोंदणी क्रमांक, लिलावाच्या कागदावर शोधा. फौजेतून बाहेर पडलेल्या गाडीची नागरी नोंदणी फॉर्म २१ मधल्या मूळ विक्री प्रमाणपत्रावर होते. त्यावरचा चासी नंबर, आरसीवरचा आणि चासीच्या लोखंडावर ठोकलेला, तिन्ही एकच हवेत. डॅशवरच्या रिव्हेट मारलेल्या पट्टीवर विसंबू नका, ती कोणीही बदलतो.

आणि नेमका हाच नंबर त्या गॅरेजने पुरला. पाच वर्षांचं फेरपासिंग तोंडावर, आरटीओत इन्स्पेक्टरला पेन्सिलने घासलेला चासीचा छाप लागतो, आणि इथे बोट फिरवलं तर नुसतं रबर. गॅरेजवाला ग्राइंडर घेऊन धावला, त्याला हाताला धरून थांबवला. ग्राइंडर लागला की आकड्यांच्या कडा जातात आणि नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसतो, मग गाडी कायमची संशयात. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं ठेवून कोटिंग मऊ करायचं, पितळी ब्रशने हलक्या हाताने काढायचं. असा एकेक आकडा वर आला. हे सगळं मी केलं, मजुरी त्यांनी लावली.

आता चालवण्याबद्दल. इंजिन जोंगातलंच (जोंगा म्हणजे फौजेची निसान जीप), सहा सिलिंडर, ३,९५६ सीसी, पेट्रोल. लिटरला चार-पाच किलोमीटर. सुरुवातीचे काही महिने डिझेल इंजिन बसवायचं पक्कं होतं, एका ठिकाणी भाव ठरवूनही आलो होतो. आता तो विचार सोडला. एक तर इंजिन आणि इंधन बदललं की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि आधीच्या मालकाने न केलेली अशी नोंद निस्तरताना माणसं मी बघितली आहेत. दुसरं म्हणजे ताम्हिणीच्या चढावर मागे पाण्याच्या टाक्या आणि रोपं भरलेली असताना दुसऱ्या गिअरमध्ये हे इंजिन जे शांतपणे ओढतं ते ऐकल्यावर हात धजावत नाही. महिन्याला दोन-तीन फेऱ्या मुळशीच्या शेतावर, एवढ्या वापरात डिझेलच्या बदलाचा खर्च वसूल व्हायला माझी हयात जाईल. रोज वापरणार असाल तर हिशेब वेगळा, आणि मग ही गाडी घेऊच नका. लक्ष्मी रोडला स्टिअरिंग वळवताना खांदे भरून येतात.

भाव चढलेत. २०१९ मध्ये धोनीने जोंगा घेतली तेव्हापासून विकणारे त्याचं नाव घेतल्याशिवाय बोलत नाहीत, वन-टनलाही "जोंगा ट्रक" म्हणून खपवतात. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही, त्या स्क्रॅप केंद्राकडे जातात. सूट आहे ती संरक्षणाच्या खास कामाच्या गाड्यांना. त्यामुळे बाजारात दिसतात त्या मुख्यतः जुन्या लिलावांतल्या, दोन-तीन हात फिरलेल्या. अशा गाडीच्या तळाला ताजं काळं कोटिंग दिसलं तर चासी नंबरापुरतं ते काढून दाखवायला सांगा, तेही तुमच्या समोर. नाही म्हणाला तर टोकनही देऊ नका.

गॅरेजने मजुरीतले अर्धे पैसे परत केले, दिव्याचे नाही. जुन्या बाजारात बुधवार-रविवार दोन्ही बघितले, तसा दिवा मिळाला नाही. कोणाकडे पडून असेल तर योग्य भावाने घेईन, काच फुटलेली असली तरी चालेल, वरचं झाकण मात्र मूळ हवं.