तळघरात संप असेल तर रिटर्न पंप घेताना सावध राहा, मला खोट्या स्टिकरचा पंप विकला

ज्यांचा फिश टँक वर हॉलमध्ये आणि संप (फिल्टरचं सामान ठेवायची दुसरी टाकी) खाली तळघरात किंवा पार्किंगला आहे, किंवा तसं करायचं चाललंय, त्यांनी संपातलं पाणी परत टँकमध्ये चढवणारा रिटर्न पंप घेण्याआधी हे वाचा. पुण्यातल्या एका अ‍ॅक्वेरियमवाल्याने मला खोटा स्टिकर लावलेला पंप विकला, आणि पाणी चढत नाही म्हटल्यावर पाइपचा दोष काढून वर अजून सामान गळ्यात मारलं. पैशाचं दुःख आहेच, पण टँकमधल्या जिवांचे जे हाल झाले त्याचा राग जास्त आहे.

टँक ४ बाय २ बाय २ फुटांचा, मरीन (खाऱ्या पाण्याचा), पाणी साधारण ४५० लिटर. संप, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारा), चिलर (पाणी थंड ठेवणारा) सगळं तळघरात, कारण हॉलमध्ये आवाज आणि खाऱ्या पाण्याची ओल नको होती. संपमधल्या पाण्यापासून टँकच्या वरच्या कडेपर्यंत उंची साडेबारा फूट, जवळपास ३.८ मीटर. ही सगळी मापं मी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसकट पाठवली होती, त्यावर त्याचं उत्तर आलं, "दादा टेन्शन नका घेऊ, हा पंप ४ मीटरला ५००० लिटर आरामात देतो." तो मेसेज जपून ठेवलाय, पुढे तोच कामी आला.

दुकानात डेमो दिला तो पाण्याच्या टबमध्ये. पंप टबात सोडून चालू केला, पाणी धो धो उसळलं, बघणारा खूश. अहो शून्य उंचीला कुठलाही पंप असाच उसळतो, त्यात बघण्यासारखं काहीच नसतं. डब्यावर मोठ्या अक्षरात १०,००० लिटर प्रति तास, त्याखाली एच मॅक्स ५.५ मीटर, ५० वॅट. यातला लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो, आणि एच मॅक्स म्हणजे ज्या उंचीला पाणी थांबतं ती उंची, तिथे एक थेंबही बाहेर पडत नाही. मधल्या उंचीला किती मिळेल ते फक्त पंपाच्या कर्व्हवर (कुठल्या उंचीला किती पाणी, याचा आलेख) कळतं, तो मागितला तर म्हणे इम्पोर्टेड माल आहे, पेपर येत नाहीत.

पंप बसवला तर वर करंगळीएवढी धार. २० लिटरची बादली भरायला दोन मिनिटं, म्हणजे तासाला ६०० लिटर. फोन केला तर, "साहेब तुमचा पाइप एक इंची आहे, दीड इंची टाका, एल्बो काढून बेंड टाका, एनआरव्ही (पाणी उलटं न येऊ देणारा व्हॉल्व्ह) पण बदला." सगळं त्याच्याकडूनच घेतलं, प्लंबरने अख्खी लाइन बदलली, धार तेवढीच. मग म्हणे मध्ये अजून एक पंप जोडा, तोही विकला.

त्याच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच चांगले जाणकार लोकही यात अडकतात. एक इंची पाइपातून खरंच ५००० लिटर ढकलायचं म्हटलं तर नुसत्या घर्षणात एक-दोन मीटर हेड (पाणी चढवायची उंची) जातं, दीड इंचीत ते अगदी कमी होतं. पण घर्षण वाहत्या पाण्याचं असतं ना! जिथे मुळात ६०० लिटरच वर येतंय तिथे पाइप एक इंची असला काय आणि दीड इंची असला काय, फरक नगण्य. पंपातच दम नाही हे त्याला पहिल्या फोनला माहीत होतं.

तोपर्यंत टँकचं काय झालं ते सांगतो, कारण हे कोणी बोलत नाही. चिलरचा सेन्सर खाली संपात, तिथे २६ डिग्री, चिलर समाधानाने बंद. आणि वरच्या टँकमधला थर्मामीटर त्यापेक्षा जास्त दाखवतोय, कारण थंड पाणी वर पुरेसं पोचतच नाही! पाण्यावर तेलकट साय धरायला लागली, मासे वर येऊन तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागले, आणि हॅमर कोरल या प्रवाळाची डोकी एकेक करून गळून पडली. क्लाउनफिश वाचले एवढंच.

शेवटी माझ्या मावसभावाने छडा लावला. त्याचं नगरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याने पहिला प्रश्न हाच विचारला की किती हेडचा पंप आहे, कारण आपल्याकडे विहिरीची मोटार घेणारा कुठलाही शेतकरी आधी हेडच विचारतो आणि मोटारीच्या पाटीवर हेड आणि त्या हेडला मिळणारं पाणी दोन्ही छापलेलं असतं. त्याने कागदावर हिशोब मांडला. लिटर प्रति सेकंद गुणिले उंची मीटरमध्ये गुणिले ९.८१, आले वॅट. ५००० लिटर तासाला म्हणजे सेकंदाला १.३९ लिटर, ४ मीटरला ५४ वॅट. आणि पंप वीज खातो ५०! म्हणजे जितकी वीज घेतो त्यापेक्षा जास्त काम करतो असा दावा झाला, आणि छोटे पंप तर खाल्लेल्या विजेच्या निम्मं कामही क्वचितच देतात. मग त्याने पंप कोरडा करून स्टिकरचा कोपरा नखाने उचलला, तर खाली कंपनीचा मूळ स्टिकर, एच मॅक्स ४ मीटर. इम्पेलर (आतला फिरणारा पंखा) काढला तर सिरॅमिक म्हणून सांगितलेला शाफ्ट स्टीलचा, त्यावर तांबूस गंज, तो सगळा माझ्या खाऱ्या पाण्यात.

दुकानदार आधी ओळख दाखवेना, बिलावरची ओळ दाखवायला लागला, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती ओळ छापून सुटका होत नाही हे लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, बिलावर मुदत दिली नसेल तर ३० दिवस. पक्कं बिल न देणं पण त्यातच येतं. माझ्या बिलावर त्याने मुद्दाम नुसतं 'अ‍ॅक्वेरियम पंप १ नग' लिहिलं होतं, मॉडेल नाही, वॅट नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, मेसेज आणि दोन्ही स्टिकरचे फोटो जोडले, तेव्हा दोन्ही पंपांचे पैसे मिळाले. पाइप, एनआरव्ही, प्लंबरची मजुरी यावर तो अजून अडून बसलाय, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाहीये.

आता पाण्याबाहेर बसणारा मॅग्नेटिक ड्राइव्ह (चुंबकाने पंखा फिरवणारा) पंप घेतला, कर्व्ह बघून. ५००० ची गरज मुळात नव्हतीच, संपातून तासाला टँकच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं तरी पुरतं, टँकमधला प्रवाह वेव्हमेकर (टँकमध्येच पाणी हलवणारा छोटा पंप) बघतो. माझ्यासाठी ४ मीटरला २००० लिटर भरपूर झाले. बादली आता ३६ सेकंदात भरते, वर आणि खाली तापमान सारखंच.

तो डबा त्याच्या शोकेसमध्ये अजून आहे. कोणी घ्यायला जाणार असाल तर टबातला डेमो बघू नका, पारदर्शक पाइप लावून जिन्यावर वर वर न्यायला सांगा, पाणी जिथे थांबेल तिथे टेप लावून मोजा, आणि हेड, वॅट, मॉडेल बिलावर लिहून घ्या.