फाइल एक, दावेदार दोन: डीपीकेजी, पॅकमन आणि आरपीएम यांची परीक्षा

लिनक्सवर सॉफ्टवेअरचे गठ्ठे, म्हणजे पॅकेजेस, बसवणारा-काढणारा कोणता पॅकेज मॅनेजर किती पाण्यात आहे, हे सगळं सुरळीत चालू असताना कळत नाही. दोन पॅकेजेस एकाच फाइलवर हक्क सांगायला लागली की मात्र लगेच कळतं. म्हणून वेग, रिपॉझिटरीचा (पॅकेजेसच्या कोठाराचा) आकार वगैरे बाजूला ठेवून तिघांना एकाच कसोटीवर लावलंय: टक्कर कधी पकडतात, काय सांगतात आणि सुटायची वाट किती सुरक्षित ठेवतात.

सुरुवात डेबियन-उबंटू या लिनक्स वितरणांच्या डीपीकेजीपासून, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. पडद्यावर येतं ते साधारण असं: ‘ट्राइंग टु ओव्हरराइट /यूएसआर/शेअर/मॅन/मॅन१/टूल.१.जीझेड, व्हिच इज ऑल्सो इन पॅकेज टूल २.१-१’. एका ओळीत फाइलचा पूर्ण पत्ता, जुन्या मालकाचं नाव आणि त्याची आवृत्ती. यापेक्षा नेमकी तक्रार कोणी करू शकणार नाही. पण तिच्या खालीच ‘ब्रोकन पाइप’ची ओळ येते आणि बरेच जण तीच शोधत बसतात. तिला काही अर्थ नाही. डीपीकेजीने वाचणं थांबवलं म्हणून पॅकेज उलगडणारी प्रोसेस मेली, एवढंच ती सांगते. वाचायची ओळ वरची.

खरी उणीव आहे वेळेची. पॅकेजेस निवडून, उतरवून डीपीकेजीच्या हाती देणारा वरचा प्रोग्रॅम म्हणजे एपीटी. त्याला पॅकेजची नावं, आवृत्त्या आणि परस्परांवरचं अवलंबित्व माहीत असतं. कुठल्या पॅकेजमध्ये कुठली फाइल आहे हे तो हिशेबात धरत नाही. त्यामुळे साठ पॅकेजेसचं अपग्रेड तो बिनधास्त मंजूर करतो आणि चाळिसाव्या पॅकेजला डीपीकेजी अडखळतो. ज्या पॅकेजवर अडखळला, ते मात्र तो नीट मागे घेतो. नव्या फाइली आधी ‘.डीपीकेजी-न्यू’ शेपटीने उतरतात, जुन्या ‘.डीपीकेजी-टीएमपी’ म्हणून जपल्या जातात आणि गडबड झाली की जुन्या परत जागेवर येतात. प्रश्न उरतो आधी उलगडलेल्या, पण अजून कॉन्फिगर न झालेल्या (म्हणजे वापरासाठी शेवटची जुळवणी राहिलेल्या) पॅकेजेसचा. सिस्टीम अर्ध्यावर लटकते ती त्यांच्यामुळे.

सोडवायचा क्रम असा. आधी ‘डीपीकेजी --सर्च’ला फाइलचा पत्ता देऊन मालकाची खात्री करा. मग ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ला दोन्ही पॅकेजेसची नावं देऊन ती कुठल्या रिपॉझिटरीतून आली ते बघा. एक मूळ वितरणाचं आणि दुसरं बाहेरच्या रिपॉझिटरीचं निघालं, तर कोणतं ठेवायचं ते ठरवा आणि दुसरं काढून टाका. दोन्ही एकाच घरची असतील, तर बहुधा फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात हलवली गेली आहे आणि जुनं पॅकेज अपग्रेड व्हायचं राहिलंय. ते आधी अपग्रेड केलं की काम झालं. शेवटी ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवून लटकलेली पॅकेजेस मार्गी लावा.

‘--फोर्स-ओव्हरराइट’ हे अगदी शेवटचं शस्त्र, आणि ते वापरायचंच तर डाउनलोड झालेल्या त्या एकाच डेब फाइलवर (डेबियनचं पॅकेज याच फाइलीतून येतं) थेट डीपीकेजीने. एपीटीच्या डीपीकेजी-ऑप्शन्समधून दिलं तर त्या फेरीतल्या सगळ्या पॅकेजेसना मोकळं रान मिळतं. शिवाय जबरदस्ती केल्यावर एका फाइलला कागदोपत्री दोन मालक राहतात. पुढे त्यातलं एक पॅकेज काढलं की फाइल त्याच्याबरोबर जाऊ शकते आणि दुसरं मुकाट्याने मोडतं. म्हणून एक काढल्यावर दुसरं लगेच रीइन्स्टॉल करायचं.

पॅकेज बनवणाऱ्यांसाठी मात्र डीपीकेजीसारखं दुसरं काही नाही. समजा, मॅन पेज (कमांडचं मदतपान) ‘टूल’मधून ‘टूल-डॉक’मध्ये २.१-३ या आवृत्तीला हलवलं. मग ‘टूल-डॉक’मध्ये ‘ब्रेक्स’ (त्या जुन्याबरोबर जमत नाही) आणि ‘रिप्लेसेस’ (त्याच्या फाइली घेऊ शकतो) ही दोन्ही फील्ड्स हवीत आणि दोन्हींत अट एकच: २.१-३ पेक्षा जुना ‘टूल’. नुसतं ‘ब्रेक्स’ लिहिलं तर फाइलवर बसायची परवानगी मिळत नाही आणि वरचीच एरर येते. नुसतं ‘रिप्लेसेस’ लिहिलं तर फाइल मिळते, पण जुना ‘टूल’ आपलं मॅन पेज गमावून तसाच राहतो. ‘टूल-डॉक’ काढलं की मग ते पेज कुठेच उरत नाही. दोन पॅकेजेस एकच काम करणारी असतील, तर ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ आहे. एखाद्या पॅकेजची फाइल बाजूला सारून स्वतःची बसवायची असेल, तर ‘डीपीकेजी-डायव्हर्ट’ आहे. त्याला ‘--रीनेम’ स्पष्ट द्यायला विसरू नका आणि कॉन्फिगरेशन फाइलींवर ते चालवू नका.

आता डीपीकेजीचे आंधळे कोपरे. कुठल्याच पॅकेजच्या मालकीची नसलेली साधी फाइल वाटेत आली तर तो चकार शब्द न काढता तिच्यावर नवी फाइल लिहितो. हाताने कंपाइल करून /यूएसआर/बिनमध्ये टाकलेले प्रोग्रॅम असेच गायब होतात; त्यांची जागा /यूएसआर/लोकलमध्ये. दुसरा कोपरा जास्त वाईट. आजच्या डेबियनमध्ये /बिन ही /यूएसआर/बिनकडे जाणारी नुसती लिंक आहे, पण डीपीकेजीच्या लेखी हे दोन वेगळे पत्ते. एका पॅकेजने /बिनमध्ये आणि दुसऱ्याने /यूएसआर/बिनमध्ये त्याच नावाची फाइल टाकली, तर टक्कर होऊनही एरर येत नाही. फाइलने पत्ता आणि पॅकेज दोन्ही एकदम बदललं, तर जुन्याची साफसफाई करताना नवी फाइलच उडू शकते. २०२३च्या डेबियन १२ने ही एकत्रित रचना सक्तीची केली, पण पॅकेजेसमधले पत्ते एकेक करून बदलण्याचं काम त्यानंतरही करावं लागलं.

आर्च या लिनक्स वितरणाच्या पॅकमनची शिस्त वेगळी. सगळी पॅकेजेस उतरवून झाली की काहीही लिहिण्याआधी तो सगळ्या फाइली एकत्र तपासतो. एक जरी आदळली तरी ‘कॉन्फ्लिक्टिंग फाइल्स’ म्हणून पूर्ण व्यवहार, म्हणजे त्या फेरीतलं सगळं काम, रद्द. अर्धवट काही राहत नाही. डिस्कवर बेवारस पडलेली फाइलसुद्धा तो अडवतो: ‘एक्झिस्ट्स इन फाइलसिस्टीम’. पकडण्याच्या वेळेसाठी पैकीच्या पैकी गुण यालाच.

कारणं बहुधा तीन. सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून पिपने, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने, पायथनची पॅकेजेस सिस्टीमच्या डिरेक्टरीत टाकलेली असतात. किंवा अपग्रेड चालू असताना वीज गेलेली असते आणि फाइली उतरूनही डेटाबेसात नोंद राहिलेली असते. किंवा ‘-एसवाय’ लावून एकच पॅकेज अपग्रेड केलेलं असतं. फाइल हलवली गेली असेल तर दोन्ही पॅकेजेस एकाच व्यवहारात आली तरच पॅकमनला ते उमगतं. तिसऱ्यावर उपाय पूर्ण अपग्रेड. पहिल्या दोघांसाठी ‘पॅकमन -क्यूओ’ने मालक बघा. मालक नसेल तर फाइलचं नाव बदलून पुन्हा प्रयत्न करा. फाइली शेकड्यांनी असतील तरच ‘--ओव्हरराइट’, तेही नेमका पॅटर्न देऊन. जुना ‘--फोर्स’ २०१८मध्ये ५.१ आवृत्तीत बाद ठरला ते बरंच झालं. तो सरसकट सगळं चिरडायचा. जुन्या लेखांत तो अजून दिसतो, तिकडे दुर्लक्ष करा.

फेडोरा-रेड हॅट घराण्याचा आरपीएमही व्यवहार सुरू होण्याआधी चाचणी घेतो, पण स्वभावाने सैल. दोन पॅकेजेसमधली फाइल अगदी सारखी असेल, म्हणजे मजकूर, परवानग्या आणि फाइल ज्या वापरकर्त्याच्या नावावर आहे तो, हे सगळं तेच, तर तो दोघांना खुशाल वाटून घेऊ देतो. ३२ आणि ६४ बिटांची लायब्ररी शेजारी शेजारी बसते ती यामुळेच. मग एखाद्या दस्तऐवजात तयार केल्याची वेळ छापली गेली आणि दोन बिल्डमध्ये ती वेगळी निघाली की एवढ्याशावरून सगळं अडतं. ‘आरपीएम -क्यूएफ’ने मालक कळतो. ‘--रिप्लेसफाइल्स’ने जबरदस्ती केलीच, तर हरलेल्या पॅकेजच्या नोंदीत ती फाइल ‘रिप्लेस्ड’ म्हणून लिहिली जाते आणि ते पॅकेज काढताना तिला हात लागत नाही. ही नोंद नंतर ‘आरपीएम -क्यू --स्टेट’ला पॅकेजचं नाव देऊन बघता येते. ‘आरपीएम -व्ही’वर मात्र इथे विसंबू नका: ‘रिप्लेस्ड’ फाइल जागेवर आहे की नाही एवढंच तो बघतो, आतला मजकूर ताडून पाहत नाही.